कापडाची कल्हई



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून आजवर वेदान्तापासून अर्थकारणापर्यंत मोठमोठ्या विषयांवर बोलले गेले आहे. त्या पंक्तीत बसून आज मी तुमच्याशी जाड कापडाच्या पिशवीला मेण कसे द्यावे याबद्दल बोलणार आहे. चालकांना मी विषय कळवला तेव्हा ‘मेण’ की ‘मन’ याची त्यांनी पुन्हा एकदा खात्री करून घेतली. मनाबद्दल बोलणारे वक्ते पुष्कळ आहेत. मेणाबद्दल बोलणारा बहुधा मी पहिलाच असेन.

विषय लहान आहे हे मला मान्य आहे, पण वेळ नेमकी आहे. वैशाखाचे ऊन तापले आहे आणि थोड्याच दिवसांत मृग लागेल. कोकणातली माणसे या दिवसांत घर शाकारीत, आगोटीची बेगमी करीत, लाकडे पडवीत रचून ठेवीत. आपण शहरातली माणसे फार तर माळ्यावरून गेल्या वर्षीची छत्री, कोट आणि पिशवी खाली काढतो. काढल्यावर काय दिसते? एका पिशवीच्या आतला प्लॅस्टिकचा थर भाजलेल्या पापडासारखा फुगून सुटत आलेला असतो. हात लावला की त्याचे पापुद्रे बोटांना चिकटतात. दुसरी पिशवी जाड सुती कापडाची, मेण दिलेली. तीही घड्यांवर पांढुरकी पडलेली, कडांना विटलेली. पाऊस आता दोघींतूनही आत येणार आहे. पहिली टाकून देण्यावाचून गत्यंतर नाही. दुसरी मात्र टाकू नका. ती का टाकू नये, आणि आपल्या घरच्या घरी तिला पुन्हा पावसाळ्याजोगी कशी करावी, एवढेच मला सांगायचे आहे.

आपल्या भाषेत ‘मेणकापड’ हा शब्द जुना आहे. पण आज दुकानात जाऊन मेणकापड मागा. बाळंतिणीच्या खाटेवर पसरायचा रबराचा किंवा प्लॅस्टिकचा तुकडा तुमच्या हाती येईल, आणि त्यात मेणाचा अंशही नसेल. ताडपत्रीची तीच कथा. तिच्यात ताड नाही आणि पत्रीही नाही. वस्तू निघून गेल्या आणि नावे मागे राहिली. म्हणून मी ज्याला आज मेणकापड म्हणणार आहे, ते खरोखरच मेण भरलेले सुती कापड आहे, हे ध्यानात असू द्या.

आता कापसाचा आणि पाण्याचा संबंध पाहा. कापूस हा पाण्याचा सख्खा सोयरा आहे. निरांजनात वात ठेवली की तेल आपोआप वर चढते. ओल्या पंचाचे एक टोक बादलीत राहिले तर सकाळपर्यंत जमिनीवर ओघळ आलेला असतो. तंतूंमधल्या बारीक फटींतून द्रव ओढून घेणे हा कापसाचा स्वभावच आहे. पाणी प्यालेला तंतू फुगतो, आणि तो फुगला की घट्ट विणीतली छिद्रे बरीचशी बुजतात. प्रवासात मोटारीच्या पुढे किंवा आगगाडीच्या खिडकीबाहेर टांगलेली जाड कापडाची पाण्याची पिशवी पूर्वी ज्यांनी पाहिली असेल, त्यांना हे सांगायला नको. कित्येक जण तिला छागल म्हणत. तिला मेण नसे, रबर नसे. कापड भिजून फुगे आणि पाणी आत राही. पण ती सदैव पाझरत असे, आणि त्या पाझरण्यानेच आतले पाणी गार होत असे. छागलीत जो गुण, तोच पावसाळी कोटात दोष! पाणी धरून ठेवणारे कापड आणि अंग कोरडे ठेवणारे कापड या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

कोरडे ठेवायचे तर कापसाचा स्वभाव बदलावा लागतो, आणि तो कसा बदलावा हे परसातल्या अळूने फार पूर्वीच दाखवून ठेवले आहे. अळवावरचे पाणी आपण क्षणभंगुरतेच्या दाखल्यासाठी वापरतो. मी ते आज पदार्थविज्ञानासाठी वापरतो. अळूच्या आणि कमळाच्या पानावर अतिसूक्ष्म उंचवटे असतात आणि त्यांवर मेणाचे कण असतात. थेंब त्या टोकांवर तरंगल्यासारखा उभा राहतो आणि घरंगळताना वाटेतली धूळही उचलून नेतो. बॉन येथील विल्हेल्म बार्टलॉट यांनी आपल्या सहकाऱ्यासह १९९७ मध्ये कमळाच्या पानाची ही करामत सविस्तर मांडली. पण मूळ तत्त्व त्याहून जुने आहे. थॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०५ मध्येच सांगून ठेवले की, पाण्याचा थेंब पृष्ठभागाशी विशिष्ट कोन करून बसतो, आणि तो कोन त्या दोन पदार्थांच्या स्वभावांवरून ठरतो. स्वच्छ काचेवर थेंब पसरतो, कोन लहान होतो. पॅराफिनच्या मेणावर तो गोळा होऊन बसतो. तिथे कोन काटकोनाहून मोठा, शंभर अंशांच्या वर जातो. काटकोन ओलांडला की सारे उलटे होते. बारीक फट पाणी आत ओढण्याऐवजी बाहेर ढकलू लागते. म्हणजे मेण हे काही भिंत बांधीत नाही. ते कापसाची पाण्याशी असलेली सोयरीक मोडते. छिद्रे पुष्कळदा थोडीफार उघडीच असतात, वाफ आणि वारा थोडा जातोही, पण पाण्याचा थेंब दाराशी थांबतो.

धनगराची घोंगडी अशीच वागते. लोकरीच्या तंतूला जात्याच पाणी आवडत नाही, त्यात मेंढीच्या अंगचा तेलकटपणा आणि वरून चिंचोक्याची खळ. आषाढातला पाऊस घोंगडीवर बराच वेळ नुसता थेंबाथेंबाने बसून राहतो. पण घोंगडी लोकरीची; कापसाला हा गुण उपजत नाही, तो द्यावा लागतो. तो द्यायची विद्या वाढली ती मुख्यतः ब्रिटनच्या समुद्रकिनाऱ्यावर, आणि वाढवली ती शिडांनी.

शीड कोरडे असले की वाऱ्याला चाळणीसारखे होते. ओले केले की वीण बुजते आणि वारा नीट भरतो. हे खलाशांना ठाऊक होते. पण ओले शीड जड होते, कुजते आणि थंडीत गोठते. पाण्याऐवजी तेलाने वीण बुजवली तर? स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर अर्ब्रोथ नावाचे बंदर आहे; तिथे १७९५ पासून वेबस्टर घराण्याचा शिडाच्या कापडाचा उद्योग होता. तिथल्या अंबाडीसारख्या फ्लॅक्स नावाच्या झाडाच्या धाग्याचे कापड विणून त्याला जवसाचे तेल देत. गंमत अशी की हा धागा आणि हे तेल, दोन्ही एकाच झाडाची. जवसाचा उंच वाढणारा भाऊ म्हणजे फ्लॅक्स. त्याच्या खोडाचे शीड आणि बियांचे तेल. पुढे हलके म्हणून सुती कापड आले. शेजारच्या डंडी गावात १८६४ पासून मेणकापडाचा धंदा चालत आला आहे. जुने शीड फाटले की खलाशी त्याचाच तुकडा कापून अंगरखा शिवीत. जहाज ज्याने कोरडे राहते, त्याने माणूसही राहील, असा साधा हिशेब.

इथे आपला एक संबंध सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. ब्रिटनच्या कोळ्यांच्या जुन्या होड्यांची शिडे चित्रांतून तांबूस-तपकिरी दिसतात. हौस म्हणून ती रंगवलेली नसत. कुजू नयेत म्हणून शिडे आणि जाळी कढत द्रावणात बुडवीत, आणि त्या द्रावणात पुष्कळदा पडे तो आपला कात. खैराच्या लाकडाचे तुकडे उकळून आटवलेला, विड्यात आपण लावतो तो. हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातून तो पेट्या भरभरून तिकडे जाई. आपल्याकडे ज्या जमातीचे नावच कातावरून पडले त्या कातकऱ्यांनी कोकणच्या रानात पिढ्यान् पिढ्या हाच धंदा केला. तोंडाला तुरट लागणारा जो गुण आहे तोच बुरशीलाही सहन होत नाही. कोणत्या रानातला कात कोणत्या शिडावर गेला याचा हिशेब आता कोण देणार? पण उत्तर समुद्रातल्या कोळ्याचे शीड आणि आपल्या पानदानातली डबी एकाच रंगाची होती, एवढे खरे.

जवसाच्या तेलाकडे वळतो, कारण आजच्या विषयाचे मर्म तिथे आहे. हे तेल ‘वाळते’ असे आपण म्हणतो. चित्रकार आणि सुतार त्याचे रोगण वापरतात. पण ओला पंचा वाळतो तसे ते वाळत नाही. त्यातून काही उडून जात नाही; उलट ते हवेतला प्राणवायू घेते, त्याचे कण एकमेकांत गुंततात आणि एक चिवट पापुद्रा तयार होतो. हा बदल एकेरी आहे, परतीची वाट नाही. शिवाय तो पापुद्रा वर्षानुवर्षे अधिकाधिक घट्ट होत जातो. म्हणून तेल दिलेले कोट पिवळे पडत, थंडीत लाकडासारखे ताठ होत आणि कोपराशी चिरत. चिरलेल्या पापुद्र्यावर नवे तेल ओतले तर वर दुसरा पापुद्रा. जुन्याशी त्याचा सांधा कधीच एकजीव होत नाही. त्या कोटांत ज्यांनी हिवाळ्याच्या रात्री जाळी ओढली, त्यांना बाहेर पाऊस आणि आत घाम यांत निवड करावी लागे, आणि वाकताना कोट अडे ते निराळेच. आणखी एक धोका होता. तेल प्राणवायू घेताना उष्णता सोडते. तेलाने भिजलेले फडके चुरगळून कोपऱ्यात टाकले तर ती उष्णता आतच कोंडते आणि कोणी काडी न लावता फडके पेट घेते. ही दंतकथा नव्हे. आजही रंगाऱ्यांच्या आणि सुतारांच्या कामाच्या जागी अशा आगी लागतात. घरी कधी जवसाचे तेल वापरलेत तर फडके मोकळ्यावर पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

या तेलाची जागा मेणाने घेतली. बॅरन रायखेनबाख या जर्मन रसायनज्ञाने १८३० मध्ये लाकडाच्या डांबरातून एक पांढरा, वासहीन पदार्थ काढला. तो आम्लाशी भांडत नव्हता, अल्काशी बोलत नव्हता, कशातच मिसळायला तयार नव्हता. म्हणून त्याचे नाव ठेवले पॅराफिन. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ होतो, फारशी कुणाशी सोयरीक नसलेला. १८५० मध्ये स्कॉटलंडच्या जेम्स यंगने दगडी कोळशापासून पॅराफिन काढण्याचे पेटंट घेतले आणि हा पदार्थ स्वस्त झाला. आज आपण मेणबत्ती म्हणून जी जाळतो ती बहुतेक खनिज तेलापासून काढलेल्या याच मेणाची असते. आपल्याकडे आसामातले डिग्बोई या मेणासाठी जुन्या काळापासून प्रसिद्ध आहे. १९३० नंतरच्या दशकात ब्रिटिश कारखान्यांनी जवसाचे तेल सोडून सुती कापडात पॅराफिनचे मेण भरायला सुरुवात केली आणि कुजू नये म्हणून त्याला तांब्याच्या क्षारांची जोड दिली. टाईन नदीच्या मुखाशी साऊथ शील्ड्स येथे १८९४ मध्ये सुरू झालेल्या बार्बर यांच्या दुकानाने गोदी कामगारांना आणि कोळ्यांना कोट विकता विकता मोटारसायकलवाल्यांना विकायला सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धात ‘उर्सुला’ या पाणबुडीचे कप्तान जॉर्ज फिलिप्स यांनी मोटारसायकलवाल्यांच्या अशाच पोशाखावरून आपल्या खलाशांसाठी दोन तुकड्यांचा पोशाख करवून घेतला. पाणबुडी पृष्ठभागावर असताना वर पहारा करणाऱ्यावर लाटा सरळ अंगावर येतात. त्याच्या पोशाखाची परीक्षा कोणत्याही प्रयोगशाळेपेक्षा कडक होती.

पण माझ्या लेखी मेणाचा मोठेपणा युद्धात नाही. तो या एका गोष्टीत आहे की, मेण वितळते आणि पुन्हा गोठते, आणि कितीही वेळा तसे केले तरी ते मेणच राहते. त्यात रासायनिक असे काही घडत नाही. जुन्या मेणावर नवे मेण लावून ऊब दिली की दोन्ही एकत्र वितळतात आणि एकजीव होऊन गोठतात. कोणते जुने, कोणते नवे हे कोणाला सांगता येत नाही. म्हणून साऊथ शील्ड्सला आजही लोक आपले जुने कोट मेण देण्यासाठी परत धाडतात, आणि त्यांत बापाचा कोट मुलाने पाठवलेलाही असतो.

ही कल्पना आपल्याला परकी वाटायचे कारण नाही. तांब्यापितळेच्या भांड्याची कल्हई गेली म्हणून कोणी भांडे मोडीत घातले का? कल्हईवाला दारावर येई, भाता लावी, नवसागराची भुकटी टाकून कथील फिरवी, आणि भांडे पुन्हा आंबट धरायला तयार. भांडे टिकाऊ आणि कल्हई झिजणारी, असा तो करार होता. मेणकापडाचा करार तोच आहे. कापड टिकावे म्हणून मेण झिजते. कापड पंचवीस-तीस वर्षे जाईल. मेण वर्ष-दोन वर्षांनी द्यावे लागेल. विकत घेताना आपण दुकानदाराला ‘हे किती वर्षे पाणी धरणार नाही?’ असे विचारतो. तो प्रश्नच चुकीचा आहे. विचारायला हवे ते असे : धरू लागले म्हणजे मला काय करता येईल?

या प्रश्नाला हल्लीच्या बहुतेक पावसाळी कापडांकडे उत्तर नाही. कृत्रिम धाग्याच्या पिशवीवर आतून जो थर चढवलेला असतो तो दमट हवेत आपोआप विघटन पावतो. पिशवी वापरा की न वापरा, काही वर्षांनी तो चिकट होतो आणि सुटतो. घरी त्याला काही करता येत नाही. वरून पाणी घरंगळावे म्हणून फ्लोरीनयुक्त रसायने देत आले. ती पाणी छान झटकतात, पण निसर्गात ती मोडत नाहीत, पाण्यातून आणि रक्तातून फिरत राहतात. त्यांपैकी एकाला, पीएफओए या नावाच्या रसायनाला, २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या वर्ज्य यादीत घातले गेले. अमेरिकेतील कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क या राज्यांनी १ जानेवारी २०२५ पासून या कुळातली रसायने मुद्दाम घातलेल्या नव्या कपड्यांच्या विक्रीला, काही अपवाद ठेवून, बंदी केली आहे.

याचा अर्थ प्लॅस्टिक सगळे वाईट असा मी काढीत नाही. लावणीला वाकलेल्या बाईच्या पाठीवरचे बांबूचे आणि पानांचे इरले जाऊन तिथे प्लॅस्टिकचा कागद आला. इरल्याचे कौतुक आपण संग्रहालयात करावे. ते पाठीवर घेऊन चार तास चिखलात उभे राहिलेल्या बाईने हलका कागद घेतला यात तिचे काही चुकले नाही. आणि मेणकापडाचे दोष मी लपवीत नाही. ते जड असते. त्याला वास असतो. ते विस्तवाशी नेऊ नये, कारण मेण भरलेले कापूस म्हणजे शेवटी एक मोठी वातच. तान्ह्या मुलाच्या अंगाशी किंवा उघड्या खाद्यपदार्थांशी ते आणू नये. मुसळधार पावसात तासन् तास उभे राहिलात तर खांद्यावर आणि पट्ट्याखाली, जिथे दाब पडतो तिथे, पाणी शिरेलच. पण पुस्तके, कागदपत्रे, सुताराची हत्यारे किंवा पोराचे दप्तर घेऊन घरापासून गाडीपर्यंत आणि गाडीपासून कचेरीपर्यंत जायचे असेल, तर याहून विश्वासू सोबती मला माहीत नाही.

आता प्रत्यक्ष कृती. प्रथम पिशवी सुती आहे ना याची खात्री करा. नायलॉनच्या गुळगुळीत धाग्यात मेण मुरत नाही, नुसते वर लेपासारखे बसते आणि हाताला लागते. मग थेंबाची परीक्षा घ्या. पिशवीवर ठिकठिकाणी पाण्याचा थेंब टाका. जिथे तो गोळी होऊन बसेल तिथे मेण शाबूत आहे. जिथे पसरून काळा डाग पडेल तिथे ते संपले. एक नकाशाच तुमच्यापुढे उभा राहील. झडपेची घडी, तळाचे कोपरे, पट्टा जोडलेली जागा, आणि पिशवी चालताना मांडीला घासते ती बाजू. तुम्ही पिशवी कोणत्या खांद्याला अडकवता हे मला त्या नकाशावरून न पाहता सांगता येईल.

त्यानंतर स्वच्छता. यात लोक हटकून एक गोष्ट करतात. पिशवी साबणाच्या पावडरीत भिजत घालतात. साबणाचे काम काय? पाणी आणि तेल यांची मैत्री जमवणे. आपण जी सोयरीक मोडायला बसलो, ती तो पुन्हा जुळवून देतो. मेण निघते ते निघतेच, शिवाय साबणाचा अंश धाग्यात मागे राहतो आणि पुढचे मेणही नीट काम करीत नाही. गरम पाणीही नको, आणि धुण्याचे यंत्र तर मुळीच नको. कोरड्या ब्रशाने माती झाडावी, थंड पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसावे, एवढे पुरे. बुरशीचे ठिपके असतील तर ते बाहेर उन्हात ब्रशाने झाडून काढावेत. मग पिशवी दोन-तीन दिवस, उलटसुलट करून, खडखडीत वाळू द्यावी. हे मी ठासून सांगतो, कारण आत ओल राहिली आणि वरून मेण बसले, तर ती ओल बाहेर पडायला वाट शोधत आतल्या आत कापड कुजवते. म्हणूनच हे काम श्रावणात करायचे नाही, वैशाखात करायचे.

मेण कोणते? परदेशातून डबीत भरून येते ते मऊ, लोण्यासारखे असते. स्कॉटलंडच्या थंडीत ते ठीक. पण नागपूर-अकोल्याचे ऊन पंचेचाळीस अंशांवर जाते, आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत त्याहूनही वर. तिथे ते मेण पाघळून शेजारच्या माणसाच्या पांढऱ्या सदऱ्यावर आपली आठवण ठेवते. आपल्याला कठीण मेण हवे. नुसते पॅराफिन घेतले तर ते ठिसूळ, घडीवर तडकते. नुसते मधमाशीचे मेण घेतले तर ते चिवट आणि सुरेख, साधारण बासष्ट ते चौसष्ट अंशांपर्यंत न वितळणारे, पण महाग आणि हाताला चिकट. मी वजनाने दोन भाग साधी पांढरी मेणबत्ती, वात काढून, आणि एक भाग मधमाशीचे मेण घेतो. रंगीत किंवा सुगंधी मेणबत्ती घेऊ नये. हे मिश्रण कधीही सरळ शेगडीवर ठेवू नका. मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात लहान डबा सोडावा आणि त्यात मेण वितळवावे. पाण्याच्या उकळीपेक्षा अधिक ताप त्याला लागतच नाही, त्यामुळे भडका उडायची भीती जवळजवळ राहत नाही. भांडे सोडून फोन घ्यायला मात्र जाऊ नये. टर्पेंटाईन घालून पातळ करण्याची एक रीत आहे. चुलीजवळ ती मी कुणालाच सांगणार नाही. वितळलेले मेण वाटीत ओतून थिजवले की साबणासारखी वडी होते. खांद्यावरच्या एका पिशवीला दीड-दोनशे ग्रॅमची वडी पुरून उरते.

पिशवी दुपारच्या उन्हात अर्धा-पाऊण तास तापू द्या आणि मग वडी घासायला लागा. आधी सबंध पिशवी नको. नकाशात जिथे काळे डाग पडले होते तिथून सुरुवात करा आणि कडेला जुन्या मेणावर दोन बोटे पुढे जा. कापड पांढुरके दिसू लागेल, खडू घासल्यासारखे. घाबरू नका, मेण अजून वरच आहे, आत गेलेले नाही. त्याला आत न्यायला ऊब लागते. केस वाळवायचे यंत्र घरात असेल तर उत्तम. नसेल तर साधी इस्त्री, सर्वांत कमी तापावर, आणि मध्ये जुना कोरा कागद. छापील वर्तमानपत्र घेतलेत तर आजच्या बातम्या पिशवीवर उमटतील. ऊब लागली की पांढुरका थर पाहता पाहता नाहीसा होतो आणि कापड गडद होते, जणू भिजले. त्या क्षणी ते मेण प्यायले. तरीही वर चकचकीत राहिले असेल तर फाजील आहे, ते उबेतच फडक्याने पुसून घ्या. जास्त मेणाने जास्त संरक्षण होत नाही. धूळ मात्र जास्त चिकटते आणि पिशवी मेणचट होते.

कोट असेल तर काखेत आणि आतल्या अस्तराला मेण लावू नका, तिथून अंगाची वाफ बाहेर जायची असते. कातडी पट्ट्यांना हे मेण नको, त्यांचे तेल निराळे. शिवणींना मात्र दोनदा द्या, एकदा उभे आणि एकदा आडवे. सुईने जिथे छिद्र पाडले आहे तिथे पाणी पहिल्यांदा वाट काढते, आणि बाकीचे कापड कितीही चोख असले तरी पुस्तकाचा कोपरा त्या एका शिवणीमुळेच भिजतो.

एवढे झाले की पिशवी सावलीत, इतर कपड्यांपासून दूर, एक दिवस-रात्र टांगून ठेवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा थेंबांची परीक्षा घ्या. एखादा डाग राहिलाच असेल तर तेवढ्याच जागी वडी फिरवून ऊब द्या. सारे पुन्हा करावे लागत नाही. उरलेली वडी कागदात गुंडाळून पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवावी. भाद्रपदात, पाऊस ओसरत आला असता, घडीवर पांढरी रेघ दिसू लागते. तेव्हा ती हाताशी असलेली बरी. वडी नको असेल तर अंगठ्याने ती रेघ दोन मिनिटे चोळून पाहा. बोटाच्या उबेने आजूबाजूचे मेण पुष्कळदा तिथे सरकते आणि रेघ बुजते.

घंटा झाली. प्रश्न असतील तर मी खाली थांबतो. पिशवी आणि वडी दोन्ही सोबत आणली आहेत, आणि पाण्याचा तांब्या अध्यक्षांच्या टेबलावर आहेच.